स्मॉल सेलच्या नावाखाली १,०२,२६० रुपये नेले; गावाकडच्या दुकानदारांनी नक्की वाचा

एक लाख दोन हजार दोनशे साठ रुपये. स्मॉल सेल, म्हणजे मोबाईलचा छोटा टॉवर, बसवून घरात नेटवर्क आणून देतो म्हणून नेले आणि बदल्यात जे यंत्र बसवून दिलं, ते वापरणं हाच गुन्हा निघाला. लिहिताना आजही डोकं तापतं. पण ही टोळी अमरावती-यवतमाळच्या पट्ट्यात अजून फिरते आहे असं कानावर येतं, म्हणून लिहितो.

आमचं कृषी केंद्र आणि त्याला लागूनच सेवा केंद्र. खाली दुकान, वर घर, दोन्हीवर स्लॅब. बाहेर रोडवर फोनला तीन काड्या आणि आत आलं की शून्य. आता सेवा केंद्राचं सगळं काम ओटीपीवर. पीएम किसानचं केवायसी असो, शेतकरी ओळख क्रमांक असो, पीकविमा असो, म्हाताऱ्या माणसाला फोन घेऊन रोडवर उभं करावं लागतं, त्यानं तिथून आकडे ओरडायचे आणि मी आत टाकायचे. तोवर वेळ संपते, परत पाठवा. जूनमध्ये खताला रांग लागली आणि त्यातच खोदकामात फायबर तुटला की पॉस मशीनही सिमवर येते आणि तीही अडते. अंगठा घेतल्याशिवाय युरियाची एक बॅग देता येत नाही. गिऱ्हाईक काय म्हणते? "दुसऱ्याकडं लवकर होते, तुमच्याकडंच कायले अडते?"

ही अडचण त्या माणसाला नेमकी ठाऊक होती. आला तो एका मोठ्या मोबाईल कंपनीचा टी-शर्ट घालून, गळ्यात ओळखपत्र. त्यानं आधी मोबाईलवरच्या ॲपमध्ये सिग्नलचा आकडा दाखवला. दुकानात उणे ११४, रोडवर उणे ८६. हा आकडा शून्याकडे जितका सरकेल तितका सिग्नल चांगला, हे त्यानं बरोबर सांगितलं. स्लॅबमधल्या लोखंडानं सिग्नल दबतो, हेही बरोबर. नागपूरच्या मोठ्या दवाखान्यांत, मॉलमध्ये कंपन्या आतून छोटी यंत्रं बसवतात, हेही बरोबर. २०२२ साली राईट ऑफ वेच्या, म्हणजे केबल-टॉवरसाठी जागा वापरायच्या, नियमांत स्मॉल सेलची तरतूद आली, हेसुद्धा खरंच आहे. दहातल्या नऊ गोष्टी खऱ्या सांगणाऱ्या माणसावर संशय घ्यायचा कसा? जी दहावी गोष्ट त्यानं गिळली ती अशी, की ही मुभा फक्त सरकारचा परवाना असलेल्या मोबाईल कंपन्यांना आहे. मोबाईल ज्या लहरींवर चालतो तो स्पेक्ट्रम त्यांनी लिलावात पैसे मोजून घेतलेला असतो. तुम्ही-आम्ही किंवा कुठला 'अधिकृत डीलर' त्यावर यंत्र लावू शकत नाही.

आता पैसे कसे गेले ते. सर्व्हे फी २,३६० रुपये, म्हणजे दोन हजार अधिक १८ टक्के जीएसटी. अनामत ३५,००० रुपये, अकरा महिन्यांनी परत. वर जागेचं भाडं महिन्याला ६,५०० मिळणार, तसा पाचशेच्या स्टॅम्पवर करारनामा. यंत्र आणि अँटेनाचे ४७,२०० रोख, कारण "डीलरले रोख देलं तर माल आजच सुटते". शेवटी 'ट्रायची एनओसी' म्हणून १७,७०० रुपये. ट्राय म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरण, ते अशी एनओसी देतच नाही! टॉवर असो की आणखी काही, ट्राय किंवा दूरसंचार विभाग कोणाच्या जागेसाठी एक रुपयाही घेत नाही, हे त्यांनी स्वतः वारंवार जाहीर केलं आहे. एनओसी, टॅक्स, अनामत यांतला एकही शब्द निघाला की त्या माणसाला तिथूनच वाटेला लावा. कंपनीला तुमची जागा हवी असेल तर कंपनी पैसे देते, तुमच्याकडून घेत नाही.

यूपीआय करताना स्क्रीनवर कंपनीचं नाव आलं नव्हतं, एका मोबाईल ॲक्सेसरीजच्या दुकानाचं आलं होतं. विचारलं तर म्हणे, "आमचे डिस्ट्रिब्युटर आहेत, भाऊ." पण मला सगळ्यात जास्त जाळतो तो बसवण्याचा दिवस.

दोन पोरं आली. एकानं वर जाऊन माशाच्या काट्यासारखी अँटेना पाइपाला बांधली आणि तिचं तोंड हायवेच्या टॉवरकडे केलं. तिथून काळी जाड वायर खिडकीतून खाली आणली, काउंटरच्या मागं भिंतीवर पांढरा डबा ठोकला, ॲडाप्टर लावला. माझा राऊटर त्याच्या हातभर अंतरावर. मी राऊटरची पिवळी वायर हातात घेऊन उभा आणि विचारतो, "नेटची वायर याले कुठं लावाची?" तो पोरगा डब्याकडं न पाहताच म्हणाला, "याले लागत नाही भाऊ, हे नवीन मॉडेल हाय. हवेतूनच घेते."

हवेतूनच घेते! स्मॉल सेल म्हणजे छोटा टॉवरच. त्याला कंपनीच्या नेटवर्कला जोडणारी स्वतःची लाइन लागते, बहुतेक वेळा फायबर म्हणा की ब्रॉडबँड. जो डबा छतावरच्या अँटेनातून टॉवरचा सिग्नल ओढून आत फेकतो, तो स्मॉल सेल नाहीच, तो रिपीटर, बाजारात ज्याला बूस्टर म्हणतात. मी वायर हातात धरून होतो, प्रश्नही बरोबर विचारला होता आणि त्या एका उत्तरात सगळं उघडं पडलं होतं. त्या क्षणी ॲडाप्टर उपटायला पाहिजे होता. पण समोर माणसं खोळंबलेली, मृग निघून चाललेला, ४७,२०० सकाळीच हातातून गेलेले आणि डबा लावल्याबरोबर फोनवर पाचही काड्या भरल्या. माझ्या जागी कोणीही असता तर त्यानं काड्याच पाहिल्या असत्या. मी रोज लोकांचे फॉर्म भरतो, ओटीपी कोणाला सांगू नका म्हणून त्यांना बजावतो. मी काही भोळा माणूस नाही. ज्यांना खरी अडचण आहे त्यांच्याच दारात हे लोक येतात.

काड्या भरल्या, पण बोलणं तुटायचं. आठवडा होत नाही तो गावात ओरड सुरू. शेजारचे काका दुकानात येऊन सगळ्यांसमोर म्हणाले, "तुमच्या छतावर ते बसलं तवापासून आमचा फोन लागत नाही." झालं होतं असं, की वरची अँटेना आणि आतला डबा यांच्यात पुरेसं अंतर नव्हतं. डबा आपलाच सिग्नल पुन्हा ओढून वाढवत राहिला आणि तो गोंगाट थेट टॉवरवर जाऊ लागला. एका घरातल्या अशा यंत्रानं अख्ख्या गावाचं नेटवर्क बिघडतं. मग खऱ्या कंपनीचे इंजिनिअर हातात अँटेना घेऊन शोधत शोधत आमच्या दारात आले. डबा बंद करायला लावला, फोटो काढले, माझ्याकडून लिहून घेतलं. ज्या टी-शर्टवर विश्वास ठेवून पैसे दिले, त्याच टी-शर्टातली माणसं आता मला गुन्हेगारासारखं विचारत होती. गावासमोर जी शोभा झाली तिचा हिशेब वरच्या रकमेत नाही.

त्या माणसाचा फोन बंद. पावतीवरचा जीएसटी नंबर पोर्टलवर टाकून पाहिला, तर कापडाच्या दुकानाचा आणि रद्द झालेला. शिवाय तो २४ नं सुरू होत होता. महाराष्ट्राचा जीएसटी नंबर २७ नं सुरू होतो, २४ गुजरातचा. हे पैसे द्यायच्या आधी तपासा, दोन मिनिटांचं काम आहे, फुकट आहे.

आता सरकारी दारांचं. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार घेतली, पण पैसे पुढच्या खात्यातून आधीच निघून गेले होते. तुमच्यावर ही वेळ आली तर पहिल्या तासातच १९३० लावा, खात्यात रक्कम असेपर्यंतच ती गोठवता येते. पोलीस स्टेशनला गेलो तर म्हणे यूपीआय आहे, सायबरला जा. सायबरवाले म्हणतात ४७,२०० रोख दिले, माणूस समोर आला होता, करार झाला, हे ठाण्याचं काम. यूपीआयचे ५५,०६० एका टेबलाचे, ४७,२०० दुसऱ्या टेबलाचे, अशी एकाच फसवणुकीची वाटणी करून बसले! बँक म्हणते, पिन तुम्हीच टाकला. कंपनी म्हणते, तो आमचा माणूस नाही. मग तुमचा लोगो लावून गावोगाव कोण फिरतं याची तक्रार तुम्ही स्वतः का देत नाही? तर त्यावर "वरिष्ठांना कळवतो". आणि ठाण्यातले एक साहेब मला ऐकवतात, "बेकायदेशीर यंत्र तर तुमच्याच घरात सापडलं, तक्रार केली तर आधी तुमच्यावरच येईल." हे ऐकून किती जण गप्प बसले असतील? लाखभर रुपये म्हणजे आमच्याकडं काही एकरांच्या कापसाचा सगळा खर्च होतो. तो गेलेला माणूस ठाण्यात येतो तेव्हा त्याला पाणी नाही विचारलं तरी चालेल, पण धाक दाखवू नका ना!

अदखलपात्रची चिठ्ठी घेऊन घरी येऊ नका. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८(४) खालची फसवणूक दखलपात्र आहे, शिक्षा सात वर्षांपर्यंत. हद्दीचं कारण सांगून गुन्हा नाकारता येत नाही. नोंदवला नाही तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे पोलीस अधीक्षकांना लेखी अर्ज पोस्टानं पाठवता येतो. मी रजिस्टर पोस्टानं पाठवला आहे, पोच आली आहे, उत्तर नाही. दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर, चक्षू या तक्रारीच्या सोयीत, त्या नंबरची तक्रार टाकली आहे.

आणि ज्यांना खरंच आत नेटवर्क नाही त्यांनी हे करून पाहा. घरात ब्रॉडबँड असेल तर स्मार्टफोनच्या सेटिंगमध्ये वाय-फाय कॉलिंग चालू करा, तुमची कंपनी आणि फोन देत असेल तर बोलणं वाय-फायवरून होतं, वेगळा पैसा नाही. बटणाच्या फोनला मात्र याचा उपयोग नाही. ऑनलाइन चार-पाच हजारांत जे बूस्टर दिसतात तेही घेऊ नका, परवान्याशिवाय तेही बेकायदेशीरच.

पाचशेच्या स्टॅम्पवरचा असाच करारनामा, पांढरा डबा आणि २४ नं सुरू होणारा जीएसटी नंबर आणखी कोणाकडं असेल तर कागद फाडू नका, डबाही फेकू नका. लाजून बसू नका. चार-पाच तक्रारदार झालो की अधीक्षक कार्यालयात सोबत जाऊ.