छोट्या नर कुत्र्यांसाठीचा बेली बँड: सोफा वाचतो, पण सवय मोडते का?

बेली बँड म्हणजे नर कुत्र्याच्या पोटाभोवती गुंडाळायची कापडी पट्टी. आत सॅनिटरी पॅड चिकटवायचं आणि पाठीवर वेल्क्रो लावायचा, बस्स. पॉमेरेनियन, शिह त्झू, पग, डॅशहुंड असा एखादा मोठा झालेला नर घरभर पाय वर करत फिरू लागला की बहुतेक जण शेवटी या पट्टीपर्यंत येतात. मार्किंग म्हणजे आपल्या हद्दीची खूण म्हणून जागोजागी थोडी थोडी शू करणं. ‘मार्किंग बंद’ हा जाहिरातीतला दावा मात्र पट्टी एकटी पुरा करू शकत नाही. ती शू अडवते, सवय मोडत नाही. तरीही ती जरूर घ्यावी, कारण सवय मोडायला लागणारे आठवडे तिच्यामुळे मिळतात आणि तेवढ्या काळात घरात नवे डाग पडत नाहीत.

आधी हे मार्किंगच आहे ना, ते बघा. पोट भरून आलेली शू लादीवर थारोळं करते. मार्किंग चमचाभरच असतं आणि ते उभ्या वस्तूवर होतं: सोफ्याचा पाय, पडद्याची कड, दाराची चौकट, पाहुण्यांनी खाली ठेवलेली बॅग. लहान कुत्रे पाय जास्तच तिरका उचलून धार उंच मारतात, हे कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये मोजून दाखवलं आहे. म्हणून डाग वाटतो त्यापेक्षा वर सापडतो. कुत्रा कुंथत असेल, शूमध्ये रक्त दिसत असेल, पाणी अचानक जास्त पीत असेल किंवा झोपेत ओलं करत असेल, तर पट्टी नको, पशुवैद्य हवा. वारंवार पाय उचलूनही थेंब पडत नसेल तर खडा अडकलेला असू शकतो. तेव्हा त्याच दिवशी, त्याच तासाला दवाखाना गाठा.

पट्टीबद्दलच्या बऱ्याच तक्रारी मापाच्या असतात. वजनावरून किंवा जातीवरून माप घेऊ नका. शिवणकामाची टेप मागच्या पायांच्या अगदी पुढे, शूच्या जागेवरून पोटाभोवती फिरवा. पॉमचे केस हातानं दाबून मोजा, नाहीतर पट्टी दोन-तीन सेंटिमीटर सैल येते आणि पहिल्याच दिवशी घसरते. लावल्यावर खाली दोन बोटं सहज जायला हवीत. रुंदीही बघा. फार अरुंद पट्टी कुत्रा बसला की सरकते, शूचं तोंड उघडं पडतं आणि धार बाहेर जाते. छाती भरलेली आणि कंबर बारीक असेल तर पट्टी मागे सरकतेच. अशा कुत्र्याला हार्नेस (छातीभोवतीचा पट्टा) घालून पट्टी पाठीवर इलॅस्टिकनं त्याला जोडा.

कापड आतून सुती हवं. बाहेरून प्लॅस्टिकचा थर असलेली पट्टी गळत नाही, पण उन्हाळ्यात आतली कातडी उकडून निघते. आमची पसंती सुती पट्टीला, आणि गळू नये म्हणून चांगल्या पॅडला. पॅड बिनवासाचं घ्या आणि उभं नाही, पट्टीच्या लांबीला धरून लावा. पट्टीची खालची कड किंचित आत दुमडली की खोबणी तयार होते आणि धार बाजूनं निसटत नाही. एवढी एक गोष्ट केली तरी गळती बरीच कमी होते. शू जास्त होत असेल तर लहान बाळाच्या डायपरचा तुकडा पॅडपेक्षा चांगला शोषतो. कापलेल्या कडा मात्र कागदी टेपनं बंद करा, आतले जेलचे दाणे कुत्र्याच्या तोंडात जाता कामा नयेत.

दर दोन-तीन तासांनी पट्टी काढायची, आणि पॅड ओलं दिसलं की लगेच. रात्री ती अजिबात नको. ओलं पॅड चिकटून राहिलं की कातडी लाल होते, कुत्रा चाटत सुटतो आणि मग पट्टीच सोडावी लागते. जागा साध्या पाण्यानं पुसून पूर्ण कोरडी करा. बाळाच्या रॅशची झिंक ऑक्साइड असलेली मलमं लावू नका. कुत्रा ती चाटतो आणि झिंक त्याला विषारी आहे. पावसाळ्यात वाळायला वेळ लागतो, म्हणून किमान तीन पट्ट्या हव्यात. धुताना वेल्क्रो बंद ठेवा, नाहीतर त्यात केस अडकून पकड जाते. फॅब्रिक कंडिशनर टाळा, त्यानं कापडाची शोषण्याची ताकद कमी होते.

आता पट्टीला न जमणारं काम. जुना वास घरात असेपर्यंत कुत्रा त्या जागी परत जाणार. फिनेलचा वास आपल्याला स्वच्छ वाटतो, कुत्र्याच्या नाकाला खालची शू कळतेच, शिवाय फिनेलसारखी जंतुनाशकं पंजे चाटणाऱ्या जनावराला त्रासदायक असतात. शूवर ब्लीच ओतलं तर झोंबणारा वायू तयार होतो. व्हिनेगर लादीवर चालतं, पण संगमरवर, कोटा आणि शहाबादी फरशीवर त्याचे पांढरट चट्टे पडतात. त्यामुळे पट्टीच्या पैशांबरोबर एन्झाइम (शूमधले वासाचे घटक तोडणारी द्रव्यं) असलेल्या क्लीनरचे पैसेही धरा.

तो वापरण्यातच लोक चुकतात. फवारा मारून लगेच पुसलं तर काही होत नाही. आधी ओली शू सुती कापडानं टिपून घ्या, जागा साध्या पाण्यानं पुसा, आणि फिनेल आधीच मारलेलं असेल तर ते धुऊन काढा, कारण त्यानं एन्झाइम निकामी होतात. गरम पाण्यानंही तेच होतं. मग शू जिथवर मुरली असेल तिथवर क्लीनर मुरेल इतका ओता. लादीला आणि तिच्या सांध्यांना पंधरा मिनिटं पुरतात. सोफ्याच्या फोमला रात्रभर लागते, वर प्लॅस्टिक झाका म्हणजे ओल टिकेल. कापडाच्या लपलेल्या कोपऱ्यावर रंग जातो का ते आधी बघा. पहिल्या दिवशी वास वाढल्यासारखा वाटतो. सुकलेला डाग पुन्हा ओला झाल्यामुळे तसं होतं, घाबरून फिनेल घेऊ नका. लपलेले डाग शोधायला ३६५ नॅनोमीटरचा यूव्ही टॉर्च घ्या. अंधारात शू फिकट पिवळसर-हिरवी चमकते, डिटर्जंटचे डाग निळसर-पांढरे. लादीपासून गुडघ्यापर्यंत सगळं तपासा, चौकटीचा मागचा भागसुद्धा.

सवय बदलते ती पट्टी काढल्यानंतरच्या पाच मिनिटांत. पट्टी सुटली की पट्ट्याला धरून थेट खाली, रोज त्याच झाडापाशी किंवा खांबापाशी. शू झाल्या क्षणी खाऊ, घरी येऊन नव्हे. पहिला आठवडा दिवसातून सहा वेळा तरी. घरात पट्टी नसेल तेव्हा कुत्रा नजरेसमोर हवा. त्याचा लांब पट्टा आपल्या कमरेला बांधून काम केलं तर ते जमतं. पाय उचलायला लागला की हलकेच ‘चल, चल’ म्हणत बाहेर न्या. ओरडलं किंवा नाक घासलं तर तो मार्किंग थांबवत नाही, पलंगाखाली जाऊन करायला शिकतो. आवडत्या कोपऱ्यात त्याचा जेवणाचा वाडगा ठेवा. नव्या वस्तू, चपला, बॅगा उचलून ठेवा. गॅलरीतून खालचे कुत्रे बघून तो पेटत असेल तर जाळीच्या खालच्या भागाला कापड लावा.

पॅड सलग दोन आठवडे कोरडं निघालं की मगच पट्टीशिवायचा पहिला एक तास, तोही समोर बसून. दुसऱ्याच दिवशी पट्टी फेकणाऱ्यांचा सोफा महिन्याभरात पुन्हा भिजतो. नसबंदी झाली नसेल तर पशुवैद्याशी बोला. तिनं अनेक नरांचं मार्किंग कमी होतं, पण वर्षानुवर्षांची सवय लगेच जात नाही, आणि काहींची शस्त्रक्रियेनंतरही राहते.

मादीही मार्किंग करते. तिच्यासाठी ही पट्टी निरुपयोगी आहे, शेपटीला भोक असलेली चड्डी लागते.

आमच्याकडून पट्टीला पाचपैकी साडेतीन, क्लीनर आणि फिरवण्यासह चार. एकदम तीन मागवू नका. आधी एक घ्या, एक दिवस मधूनमधून काढत वापरून बघा, कडांचे वळ उठत नाहीत ना ते पाहा, मग बाकीच्या घ्या. वापरलेली पॅडं वर्तमानपत्रात गुंडाळून त्यावर लाल खूण करा आणि वेगळी द्या, म्हणजे कचरा उचलणाऱ्याला ती उघडून बघावी लागणार नाहीत.