लिनक्समधला आरटीओ कमी करायचाय, तर रूटवर (ॲडमिनवाला root नव्हे, पॅकेट जायचा मार्ग, route) करू की सिस्टीमभर?

आरटीओ म्हटलं की आपल्याला लायसन्सची रांग आठवते, पण हा आरटीओ वेगळा, रिट्रान्समिशन टाइमआउट, म्हणजे पॅकेटची पोच आली नाही तर टीसीपीने किती वेळ थांबून ते परत पाठवायचं तो टायमर. लिनक्समध्ये तो डिफॉल्टला २०० मिलिसेकंदांच्या खाली जातच नाही. एकाच रॅकमधल्या दोन मशीनमध्ये आरटीटी (पॅकेट जाऊन पोच परत यायचा वेळ) अर्धा मिलिसेकंद पण नसतो, तरी 'एसएस -टीआय' ही कमांड मारून बघा, आरटीओ २०१ नाहीतर २०४ दिसेल. आणि रिक्वेस्ट एकाच पॅकेटची असेल नि तेच पडलं, तर टेल लॉस प्रोबचाही (शेवटचं पॅकेट हरवलं का ते आरटीओच्या आधीच चाचपणारी सोय) फारसा उपयोग नाही, कारण एकट्या पॅकेटला तोही हेच २०० वर धरून बसतो.

माझं मत रूटच्या बाजूने. 'आयपी रूट चेंज' कमांडच्या शेवटी 'आरटीओ_मिन ५०एमएस' लावलं की फक्त त्या सबनेटला (नेटवर्कच्या तेवढ्या तुकड्याला) लागतं, बाहेर मोबाईलवरून येणाऱ्या गिऱ्हाइकाला धक्का नाही, जुन्या कर्नलवर पण चालतं. त्रास एकच, रीबूट झालं की गेलं. मी एकदा अर्धा दिवस आलेख बघत बसलो होतो की काल तर नीट होतं, आज काय झालं, आणि रात्री मशीन रीबूट झालेलं.

दुसरा मार्ग ६.११ कर्नलपासून आलेला 'टीसीपी_आरटीओ_मिन_यूएस' सिसकंट्रोल, म्हणजे कर्नलची सेटिंग. एक ओळ आणि काम झालं, पण ते सरसकट सगळ्यांना लागतं, आधीपासून चालू असलेल्या सॉकेटला (ॲपने उघडलेल्या कनेक्शनला) लागत नाही (म्हणजे सर्व्हिस रीस्टार्ट आलंच), आणि होस्टवर लावलं म्हणून कंटेनरमध्ये लागेल असं नाही, त्याचं नेटवर्क नेमस्पेस, म्हणजे नेटवर्क सेटिंगचा स्वतंत्र कप्पा, वेगळं. दोन्ही लावले तर रूटचं चालतं. मशीनवर फक्त आतलाच ट्रॅफिक असेल तर हे घ्या, नाहीतर नको.

आकडा मात्र उगाच ५ वर नेऊ नका. समोरचं लिनक्स एसीके, म्हणजे पोच, ४० मिलिसेकंद धरून ठेवू शकतं, तेवढ्यात आपण पॅकेट हरवलं समजून परत पाठवतो आणि कंजेशन विंडो (एका वेळी किती पॅकेट वाटेत सोडायची ती मर्यादा) १ वर आपटते. एफ-आरटीओ (आरटीओ उगाच वाजला का ते ओळखणारी सोय) कधीकधी ते सावरून घेतं, पण त्याच्या भरवशावर राहू नका, 'एनस्टॅट' कमांडमध्ये स्प्युरियस, म्हणजे उगाच वाजलेल्या, आरटीओचा आकडा बघत एकेक पायरी खाली या.

आणि तुमचा प्रॉब्लेम समोरचं मशीन मेल्यावर कनेक्शन पंधरा मिनिटं लटकतं हा असेल, तर वरचं काहीच कामाचं नाही. ते 'टीसीपी_रिट्राइज२'च्या, म्हणजे किती वेळा परत पाठवून नाद सोडायचा त्या सेटिंगच्या, १५ मुळे होतं, साधारण ९२४ सेकंद. तिथे ॲपमध्येच 'टीसीपी_यूजर_टाइमआउट' (पोच आली नाही तर किती वेळाने कनेक्शन तोडायचं तो सॉकेटचा पर्याय) लावा.