जिन्बेई: टोकियोच्या उन्हाळ्यात वापरून पाहिलेलं

जूनमध्ये इथला पाऊस आणि दमटपणा सुरू झाला तेव्हा जिन्बेई, म्हणजे जपानी लोकांचा उन्हाळ्यातला घरचा पोशाख, घेतलं. सप्टेंबर संपेपर्यंत ऑफिसातून घरी आलो की अंगावर तेच. वर आखूड बाह्यांचा, पल्ल्यावर पल्ला येणारा सैल अंगरखा आणि खाली गुडघ्यापर्यंतची विजार. बटणं नाहीत, आत-बाहेर बांधायचे बंद. आपली बाराबंदीच म्हणा, फक्त बंद कमी. डावा पल्ला कायम वर. उलटा फक्त मृताच्या अंगावर असतो. त्यामुळे मला पहिल्यांदा त्यात पाहून शेजारच्या आजींनी आधी पल्ला तपासला, मग कौतुक केलं.

गंमत खांद्याशी आहे. तिथे बाही सलग शिवलेली नसते, जाड दोऱ्याची उघडी जाळी असते. तिथून वारा फिरतो, हात वर केला की काखेला हवा लागते.

कापडावर मात्र पैसे वाचवू नका. दोन-तीन हजार येनचं पॉलिएस्टरमिश्रित जिन्बेई मित्राकडे आहे, ते घामाने पाठीला चिकटतं. माझं जपानमधल्या तोकुशिमा भागातल्या शिजिरा विणीचं, निव्वळ सुती, दहा हजारांच्या आसपास. या विणीत उभ्या धाग्यांचा ताण कमीजास्त असतो. कापड गरम पाण्यातून काढून वाळवलं की आकसतं आणि बारीक सुरकुत्या उठतात. अंगाला टेकतात त्या सुरकुत्याच, मधून हवा खेळते. बाहेर 35 अंश असतानाही रात्री नुसत्या पंख्यावर निभावलं. इस्त्रीचा तर प्रश्नच नाही!

निळा रंग सुरुवातीला सुटतो, पांढरी बनियनं सोबत टाकू नका. धुताना बंद बांधून जाळीच्या पिशवीत घाला, नाहीतर मशीनमध्ये गुंता होतो. ऑगस्टमध्ये खांद्याची जाळी दाराच्या कडीत अडकून उसवली; घरीच टाके घातले. खिशात फोन ठेवला की अंगरखा एका बाजूला ओघळतो. पोटऱ्या उघड्या, म्हणजे डासांना मेजवानी.

हे घालून कोपऱ्यावरच्या कोम्बिनीत, म्हणजे छोट्या किरकोळ दुकानात, जावं, एदोगावा नदीच्या काठावर आतषबाजी बघावी. बऱ्यापैकी हॉटेलात नको, तो घरचाच पोशाख आहे.

बाबांसाठी एक पुण्याला पाठवलं. अर्धी विजार त्यांनी साफ नाकारली. अंगरखा मात्र लेंग्यावर रोज घालतात आणि दुसरा कधी पाठवतोस म्हणून विचारतात.