बॅटरी उतरत होती ०.६२ अँपिअरने, गॅरेजवाल्याने उतरवून घेतले १६,८५० रुपये

आकडा आधीच सांगून टाकतो, कारण घरात तो बरेच दिवस लपवून ठेवला होता. बॅटरी ४,८५०, ऑल्टरनेटर (इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणारा) ‘रिपेअर’ ३,६००, ईसीएमचं, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरचं, ‘लीकेज’ ७,५००, मजुरी ९००. सगळं कच्च्या चिठ्ठीवर. आणि एवढं करून गाडी दोन दिवस उभी राहिली की चावी फिरवल्यावर पुन्हा टक्-टक्-टक्.

गाडी २०११ ची पेट्रोल व्हॅगन-आर. बॅटरी ३५ अँपिअर-अवरची, वर्षही न झालेली, वॉरंटीतली. दिवाळीत नवा टेप बसवला आणि त्यानंतर हे दुखणं मागे लागलं. नाशिकला हायवेच्या सर्व्हिस रोडवर जो गॅरेजवाला गाठला, त्याला हे मी पहिल्याच वाक्यात सांगितलं. “काका, टेपचा काही संबंध नाही, बॅटरीचा सेल डेड आहे.” संपला विषय. नवी बॅटरी बसली, जुनी त्याच्या शटरमागे गेली.

पुन्हा उतरली. मग त्याने इंजिन चालू ठेवून मीटर लावला. १४.२. “बाराच्या बॅटरीला चौदा देतोय, ऑल्टरनेटर गेलाय.” अहो, इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ व्होल्ट यायलाच हवेत, नाही आले तर काळजी करायची! हे आज कळतंय. मी बँकेत आयुष्य काढलं. चिठ्ठीवरची चुकलेली बेरीज उभ्याउभ्या पकडतो, पण मीटरवरचा आकडा खरा की खोटा हे कुठून कळणार? शिवाय आईला डायलिसिसला न्यायचं असतं, दर खेपेला रिक्षा शोधणं जमत नाही. घाईतलं गिऱ्हाईक त्याने पहिल्या दिवशीच ओळखलं असणार.

पण तिसऱ्या वेळचा प्रसंग आठवला की अजून कानशिलं तापतात. त्याने बॅटरीचा मायनस काढून मध्ये मीटर जोडला. काट्याचा नाही, आकड्याचा. आकडा आला १.९. “बघा, गाडी बंद आणि दोन अँपिअर पितेय. ईसीएम लीक आहे.” ड्रायव्हरचं दार सताड उघडं होतं, बॉनेटचा खटका ओढून त्यानेच तसं सोडलेलं. आणि छताचा दिवा माझ्या डोळ्यांसमोर पिवळाधमक जळत होता! तो एक दिवाच पाऊण अँपिअरच्या आसपास खातो. मी त्या दिव्याकडे बघितलं होतं हो. बघितलं, आणि ७,५०० ला मान डोलावली.

मीटर असा लावायचाच नसतो. दार बंद, निदान लॅचमध्ये स्क्रूड्रायव्हर घालून गाडीला दार बंद झाल्याचं भासवायचं, चावी बाहेर, आणि अर्धा तास थांबायचं. मग आकडा ०.०५ च्या आत आला तर गाडी निरोगी. कुणी मीटर जोडल्या-जोडल्या आकडा दाखवून घाबरवत असेल तर बॉनेट पाडा आणि निघा.

शेवटी मेहुण्याने त्याच्या ओळखीच्या वायरमनकडे नेलं. तो अर्धा तास चहा पीत बसला, मला वाटलं हाही त्यातलाच. मग मीटर लावला: ०.६२. फ्यूज एकेक काढून बघितले, आकडा जागचा हलेना. तेव्हा त्याने बॅटरीच्या प्लसवरून वेगळी निघालेली जाड लाल वायर पकडली आणि सीटखाली हात घातला. “हात लावा.” आधीच्या मालकाने बसवलेला अँप्लिफायर, गाडी कधीची बंद, आणि तो कोमट! टेपवाल्याने अँप चालू करायची निळी वायर कायम सप्लायला जोडून ठेवली होती. ०.६२ म्हणजे दिवसाला जवळपास १५ अँपिअर-अवर. दोन दिवसांत ३५ ची बॅटरी पार बसणार, नवी घाला नाहीतर जुनी. वायरमनने वायर बदलली, आकडा ०.०२. घेतले ३०० रुपये. जाता जाता त्याने ईसीएमही दाखवला. डब्याच्या स्क्रूंवर धुळीचा थर जसाच्या तसा. ७,५०० चं काम!

मग तक्रार. चौकीत म्हणाले, “ही सिव्हिल मॅटर, तुम्ही राजीखुशीने पैसे दिलेत.” ग्राहक हेल्पलाइनवर पक्कं बिल मागितलं. अहो, पक्कं बिल दिलं असतं तर तो चोर कसला? कच्च्या चिठ्ठीचा फोटो पाठवला, तर चार ओळींचं उत्तर येऊन तक्रार ‘निकाली’. कुणाच्या बाजूने निकाली? फोन केला तर नवी तक्रार नोंदवा म्हणे. नोंदवली, तर ‘याच विषयाची तक्रार आधी आलेली आहे’ म्हणून तीही बंद! परिवहनवाल्यांनी हात झटकले, गॅरेज आमच्याकडे येत नाही म्हणाले. ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या दाव्याला फी नाही, दोन वर्षांची मुदत आहे, हे खरं. पण वकिलाने नुसत्या नोटिशीचे ३,००० सांगितले. पैसे यूपीआयने दिले होते, एवढाच काय तो पुरावा. रोख दिले असते तर तोही नसता. रोख देऊ नका.

काढलेला पार्ट डिकीत टाकून घ्या, बॅटरी तर नक्कीच. वॉरंटी कार्डावरचा नंबर बॅटरीवरच्या नंबराशी तिथेच ताडून बघा. माझा जुळत नाही.

जुनी बॅटरी मागायला गेलो, तर म्हणाला भंगारात गेली. भंगाराचे पैसे? “बिलातून वजा केलेत, काका.” कुठल्या बिलातून ते काही सांगत नाही.