एनपीडीएफ की इंडिया अलायन्स? कॅन्सर रिसर्चवाल्यांनी आधी ऑफिस बघा, मग स्टायपेंड

कॅन्सर बायॉलॉजीत पीएचडी संपत आली की बहुतेकांचा प्रश्न ठरलेला असतो, एनपीडीएफ (नॅशनल पोस्ट डॉक्टोरल फेलोशिप, केंद्र सरकारची) घेऊ की इंडिया अलायन्सच्या अर्ली करिअर फेलोशिपसाठी जोर लावू, आणि तुलना होते ती फक्त महिन्याला हातात किती येणार याची. मला मनापासून वाटतं की कागदपत्रं कोण सांभाळणार आणि अडलं तर गाईड वेळ देणार का, हे आधी बघायला हवं. कॅन्सरच्या कामात पेशंटचा ट्यूमर सॅम्पल घ्यायचा तर एथिक्स कमिटी, उंदीर वापरायचे तर आयएईसी म्हणजे प्राण्यांवरच्या प्रयोगांना परवानगी देणारी संस्थेची समिती, आणि हे सगळं होईपर्यंत फेलोशिपचं घड्याळ चालूच असतं.

एनपीडीएफ आधी एसईआरबी या केंद्राच्या संशोधन मंडळाची होती, आता त्याच्या जागी आलेल्या एएनआरएफकडे आहे, मुदत 2 वर्षं. मेंटॉर अर्जातच लागतो आणि हाच तिचा मोठा फायदा, लॅब उभी असते, सेल लाइन्स (लॅबमध्ये वाढवलेल्या पेशी) असतात, मेंटॉरच्या चालू परवानगीत तुमचं काम बसवता आलं तर महिने वाचतात. पण झेनोग्राफ्टसारखं (माणसाचा ट्यूमर उंदरात वाढवायचं) काम नव्याने उभं करणार असाल तर 2 वर्षं कमीच, खरं सांगायचं तर पेपर निघायच्या आत पुढची सोय शोधायला लागते. शिवाय मेंटॉर नावाजलेला आणि कायम दौऱ्यावर असेल तर रोजचं शिकणं सिनियर पीएचडीवाल्यांकडूनच होतं.

इंडिया अलायन्स वेगळं प्रकरण आहे. डीबीटी म्हणजे केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग आणि ब्रिटनची वेलकम ट्रस्ट यांचा हा कार्यक्रम 2008 पासून चालू आहे, अर्ली करिअर फेलोशिप 5 वर्षांची, आयडिया तुमची आणि रिसर्चचे पैसेही तुमच्या नावावर. सुपरवायझर असतो पण गाडी तुम्ही चालवायची, त्यामुळे निवड कडक आणि इंटरव्ह्यूत प्रश्न खोल जातात. ऑक्टोबर 2025 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने याच्या तिसऱ्या टप्प्याला 1500 कोटींची मंजुरी दिली, त्यात रिसर्च मॅनेजमेंटचा, म्हणजे संशोधनामागचं ऑफिसचं काम सुधारण्याचा भागही आहे, आणि मला ही फार महत्त्वाची गोष्ट वाटते कारण आपल्याकडे नेमकं तिथेच घोडं अडतं.

दोन्हीकडे पैसे येतात ते संस्थेच्या खात्यात. मग अँटीबॉडी मागवायची तर खरेदी विभाग, माणूस घ्यायचा तर आस्थापना, वर्ष संपलं की यूसी (पैसे कसे खर्च झाले याचं युटिलायझेशन सर्टिफिकेट), आणि यूसी लटकलं की पुढचा हप्ता लटकला. जून 2025 मध्ये केंद्राने वैज्ञानिक संस्थांना जेम या सरकारी खरेदी पोर्टलबाहेर खरेदीची मोकळीक दिली, कोटेशनशिवाय खरेदीची मर्यादा 1 लाखावरून 2 लाख केली, पण प्रत्यक्षात तुमच्या संस्थेत ती वापरली जाते का हे तिथल्या पोरांनाच विचारा. ग्रँट ऑफिस नसलेल्या संस्थेत 5 वर्षांची मोठी फेलोशिप नेली तर तुम्ही अर्धे कारकून होता.

तुलनेला अमेरिकेची के९९/आर०० ही पोस्टडॉकसाठीची सरकारी ग्रँट थोडक्यात, 2 वर्षांपर्यंत मेंटॉरखाली आणि मग 3 वर्षांपर्यंत स्वतंत्र, म्हणजे हात कधी सोडायचा हे आधीच ठरलेलं. आपल्या दोन्ही योजनांत हा जोड नाही.

तुम्ही एमडी किंवा डीएम असाल आणि क्लिनिकल ट्रायल करायची असेल तर अलायन्सचा क्लिनिकल विभाग बघाच, पण त्याआधी टाटा मेमोरियलवाल्यांच्या पुढाकाराने लोणावळ्यात होणाऱ्या क्रेडो वर्कशॉपला अर्ज टाका, आपलीच ट्रायलची कल्पना घेऊन जायची आणि तज्ज्ञांबरोबर बसून तिचा प्रोटोकॉल घडवायचा, मेंटॉरशिप म्हणतात ती अशी.

माझं मत विचाराल तर आयडिया पक्की आणि संस्थेचं ऑफिस चालतं असेल तर अलायन्स. आयडिया अजून कच्ची असेल किंवा टेक्निक शिकायची असेल तर एनपीडीएफ, पण अशा मेंटॉरकडे जो लॅबमध्ये असतो. सही करायच्या आधी त्या लॅबमधून नुकत्याच बाहेर पडलेल्या दोघांना फोन करा आणि विचारा, यूसी कोण बनवायचं, ऑर्डर यायला किती दिवस लागायचे, आणि प्रयोग फसला तेव्हा सर किंवा मॅडम डेटा बघायला बसायच्या का.