चित्रफितीचे गेम घेताना: ‘हर स्टोरी’, ‘लेट शिफ्ट’ आणि दोन जुने पर्याय

खऱ्या नटनट्यांना कॅमेऱ्यासमोर उभे करून, त्या चित्रीकरणाच्या तुकड्यांतून जे व्हिडिओ गेम रचले जातात त्यांना ‘फुल मोशन व्हिडिओ’ किंवा थोडक्यात एफएमव्ही गेम म्हणतात. त्यांची ओढ समजण्यासारखी आहे. संगणकाने घडवलेला चेहरा कितीही बारकाईने केलेला असला, तरी बोलता बोलता मध्येच अडखळून शब्द शोधणाऱ्या माणसाची घालमेल त्यात क्वचितच उतरते. चित्रफितीत ती उतरते, आणि समोरची व्यक्ती घाबरली आहे की खोटे बोलते आहे, हे आपण रोजच्या व्यवहारात माणसे जोखण्याच्या सवयीनेच ठरवू लागतो. असे असूनही हा प्रकार गेल्या चाळीस वर्षांत अनेकदा वर आला आणि तितक्याच वेळा मागे पडला. ट्रेलर पाहून घेतलेला गेम तासाभरात बाजूला ठेवण्याची वेळ माझ्यावरही आलेली आहे. म्हणून यातला पहिला गेम कोणता घ्यावा, असे विचारणाऱ्यांसाठी मी चार गेम शेजारी शेजारी ठेवून पाहतो आहे: 1992 सालचा ‘नाइट ट्रॅप’, 1995 सालचा ‘द बीस्ट विदिन’ म्हणजे ‘गॅब्रिएल नाइट’ मालिकेचा दुसरा भाग, 2015 सालचा ‘हर स्टोरी’ आणि 2016 सालचा ‘लेट शिफ्ट’.

चौघांनाही एकच अडचण सोडवावी लागली. चित्रफीत थांबत नाही आणि वाकतही नाही. संगणकाने रेखाटलेले पात्र खेळणाऱ्याने बटण दाबले की डावीकडे वळते, पुन्हा दाबले की उजवीकडे वळते. चित्रित केलेले पात्र मात्र चित्रीकरणाच्या दिवशी जे करून गेले तेवढेच करते. खेळणाऱ्याला प्रत्येक वळणावर दोनच पर्याय द्यायचे ठरवले आणि अशी दहा वळणे ठेवली, तर 1024 वेगवेगळ्या वाटा तयार होतात, आणि त्यातल्या प्रत्येक वाटेसाठी नट, दिवे, कपडे आणि जागा यांची जुळवाजुळव करून वेगळे चित्रीकरण करणे कोणत्याही निर्मात्याला परवडणारे नसते. त्यामुळे फुटलेल्या वाटा थोड्या अंतरावर पुन्हा एकत्र आणल्या जातात, आणि ही जुळणी खेळणाऱ्याच्या लक्षात आली की आपल्या निर्णयाला किंमत नव्हती, ही भावना मनात घर करते.

जुन्या काळी यात साठवणीचीही अडचण होती. 1983 साली आर्केडमध्ये आलेला ‘ड्रॅगन्स लेअर’ हाताने काढलेल्या ॲनिमेशनचा होता आणि लेझरडिस्कवर, म्हणजे चित्रफीत साठवणाऱ्या मोठ्या तबकडीवर, चालत असे. पुढे घरोघरी सीडी आली तेव्हा सुरुवातीचे सीडी ड्राइव्ह सेकंदाला सुमारे 150 किलोबाइट इतकेच वाचू शकत, म्हणून चित्र लहान चौकटीत बसवावे लागे आणि ते धूसर दिसे. सेगा सीडी या गेम खेळण्याच्या यंत्राला एका वेळी पडद्यावर 64 रंगच दाखवता येत, त्यामुळे माणसांच्या चेहऱ्यांवर ठिपक्यांची जाळी पसरलेली दिसते. जो चेहरा पाहण्यासाठी हा सगळा खटाटोप होता, तोच नीट दिसत नसे.

या सगळ्यामुळे असा गेम घेण्यापूर्वी मी एक गोष्ट तपासतो: यात पाहणे हेच खेळणाऱ्याचे काम आहे, की पाहत बसलो तर काम बिघडते?

‘नाइट ट्रॅप’ या कसोटीवर अगदी उघडपणे नापास होतो. एका घरात रात्रीच्या मुक्कामाला आलेल्या मुलींवर काळ्या कपड्यांतले हल्लेखोर टपलेले आहेत, आणि खेळणाऱ्याने घरातल्या आठ ठिकाणच्या कॅमेऱ्यांवर नजर ठेवून योग्य क्षणी सापळे उघडून त्यांना पकडायचे आहे. सर्व खोल्यांतले प्रसंग एकाच वेळी पुढे सरकत असतात. दिवाणखान्यात कथेचा महत्त्वाचा संवाद चालू असताना न्हाणीघरात दोन हल्लेखोर येऊन जातात. संवाद ऐकला तर ते निसटतात आणि ते पकडले तर कथा निसटते. शिवाय सापळे चालण्यासाठी जो सांकेतिक रंग निवडावा लागतो तो घरातली माणसे अधूनमधून बदलतात आणि तो बदल संवादातूनच कळतो, म्हणजे ऐकणे आवश्यक आणि ऐकत थांबणे घातक, अशा कात्रीत खेळणारा सापडतो. शेवटी कोणत्या सेकंदाला कोणती खोली, याची यादी पाठ करणे एवढाच मार्ग उरतो, आणि ती यादी हाताशी आली की पडद्यावरच्या माणसांकडे लक्ष देण्याचे कारणच उरत नाही.

या गेमचे ऐतिहासिक महत्त्व मात्र मोठे आहे. त्याचे चित्रीकरण 1987 साली व्हिडिओ कॅसेटवर चालणाऱ्या एका यंत्रासाठी झाले होते आणि ते यंत्र कधी बाजारात आलेच नाही. पाच वर्षांनी तेच चित्रीकरण सेगा सीडीवर आले, आणि डिसेंबर 1993 मध्ये अमेरिकेच्या सिनेटपुढे व्हिडिओ गेममधल्या हिंसाचारावर जी सुनावणी झाली तिच्यात याचे नाव गाजले. वस्तुतः खेळणाऱ्याला मुलींचे रक्षण करायचे असते, ही साधी बाब त्या गदारोळात झाकली गेली. 1994 साली अमेरिकेत गेमना वयोगटानुसार दर्जा देणारी ईएसआरबी ही व्यवस्था उभी राहिली तिच्यामागे ही सुनावणी होती. 2017 मध्ये स्वच्छ चित्रासह तो पुन्हा प्रसिद्ध झाला आहे. हा इतिहास ज्यांना स्वतः हाताळून पाहायचा आहे त्यांनी तो जरूर घ्यावा, पण पहिला गेम म्हणून मी तो कोणाला सुचवणार नाही.

‘द बीस्ट विदिन’ हा त्या काळातला मला मनापासून आवडणारा गेम. जेन जेन्सन यांनी लिहिलेली ही कथा जर्मनीतल्या बव्हेरिया प्रांतात घडते. म्युनिकच्या आसपास लांडग्याने केल्यासारखे वाटणारे खून होत आहेत आणि त्यांचा धागा एकोणिसाव्या शतकातला बव्हेरियाचा राजा दुसरा लुडविग याच्यापर्यंत मागे जातो. नटांचे चित्रीकरण निळ्या पडद्यासमोर करून त्यांना जर्मनीतल्या खऱ्या जागांच्या छायाचित्रांवर बसवलेले आहे, आणि हे सगळे मिळून सहा सीडींवर मावले. इथे चित्रफीत खेळणाऱ्याची वाट अडवत नाही, कारण घाई कशाचीच नसते. प्रश्न विचारायचे, कागदपत्रे वाचायची, माणसांचे बोलणे लक्षात ठेवायचे, असा हा संथ तपास आहे. एका ठिकाणी म्युनिकच्या प्राणिसंग्रहालयातल्या डॉक्टरांचे बोलणे टेपवर घेऊन, त्यातले शब्द कापून जोडून, आपल्याला लांडगे दाखवण्याचा हुकूम त्यांच्याच आवाजात तयार करावा लागतो. ध्वनिमुद्रित संवाद हा इथे केवळ ऐकण्याचा भाग न राहता हातात घेण्याजोगी वस्तू होतो, आणि या प्रकारच्या गेममध्ये मला आठवणारी ही अत्यंत कल्पक जागा आहे.

याचे दोष मात्र खरेदीआधी माहीत असावेत. दर टिचकीला नायक चालत जातो, वस्तू उचलतो, परत येतो, आणि हे छोटे तुकडे शंभर वेळा पाहावे लागतात. नायकाची सहकारी ग्रेस लुडविगच्या राजवाड्यांत आणि संग्रहालयांत फिरते त्या भागात बहुतेक प्रत्येक वस्तूवर टिचकी मारल्याशिवाय कथा पुढे जात नाही. मूळ आवृत्तीत उपशीर्षके नाहीत आणि पात्रे जर्मन वळणाचे इंग्रजी बोलतात. ज्यांना इंग्रजी वाचायला सोपे पण ऐकायला अवघड जाते, अशा मराठी वाचकांना हा अडथळा मोठा वाटेल. नुसती चिकाटी हे यावरचे उत्तर नाही. शांत खोली, हेडफोन आणि एका बैठकीत एकच प्रकरण, असे ठरवून बसले तर तो सुसह्य होतो.

नव्या दोन गेमकडे वळताना आधी ‘लेट शिफ्ट’ पाहू, कारण तो चित्रपटाच्या अगदी जवळचा आहे. लंडनमध्ये गाड्यांच्या वाहनतळावर रात्रपाळी करणारा मॅट नावाचा विद्यार्थी एका लिलावगृहावरच्या दरोड्यात ओढला जातो. निर्मात्यांच्या सांगण्याप्रमाणे यात 180 निर्णयाच्या जागा आणि सात शेवट आहेत, आणि एक खेप साधारण दीड तासाची होते. पर्याय पडद्यावर येतात तेव्हा चित्र थांबत नाही. मॅट समोरच्याकडे पाहत असतो आणि तेवढ्या क्षणात तुम्ही ठरवले नाही, तर गेम स्वतःच ठरवतो. जोडकाम इतके सफाईदार आहे की पहिल्या खेपेला कुठे सांधा आहे हे कळत नाही. चित्रफीत थांबत नाही ही अडचण इथे ताण निर्माण करण्यासाठी वापरली आहे, आणि ती युक्ती पहिल्या खेपेला चांगली साधते.

दुसऱ्या खेपेला तीच युक्ती उलटते. पहिल्यांदा जे भयंकर निर्णायक वाटले होते त्यातले पुष्कळसे पर्याय एकाच प्रसंगाकडे नेतात, हे आता दिसू लागते. मॅटने नकार दिला काय आणि होकार दिला काय, दरोड्यात तो सापडतोच. उरलेले शेवट पाहायचे असतील तर पाहिलेले प्रसंग पुन्हा पहिल्यापासून पाहावे लागतात, कारण ते झरझर पुढे सरकवण्याची सोय गेम आला तेव्हा त्यात नव्हती. सात शेवट हे जाहिरातीत मोठे वाटणारे आकर्षण प्रत्यक्षात फार थोडे लोक पुरते वसूल करत असतील, असे मला वाटते. हा गेम एकट्याने खेळण्यापेक्षा चौघांनी मिळून खेळावा. सणाच्या सुट्टीत घरच्या टीव्हीवर आम्ही तो लावला तेव्हा व्हिडिओ गेमला कधी हात न लावलेल्या काकांनीसुद्धा ‘अरे, त्याच्यावर विश्वास ठेवू नकोस!’ म्हणून आवाज चढवला होता, आणि त्या दीड तासात कोणी मोबाइलकडे पाहिले नाही. एका संध्याकाळसाठी, एकाच खेपेसाठी, इतकी अपेक्षा ठेवली तर तो निराश करत नाही.

‘हर स्टोरी’ची बांधणी पूर्ण वेगळी आहे आणि माझ्या मते या प्रकाराची मूळ अडचण तिनेच नेमकी ओळखली. गेमचे कर्ते सॅम बार्लो यांनी वाटा फोडण्याचा नादच सोडून दिला. जे घडायचे ते घडून गेलेले आहे, त्याचे चित्रीकरण झालेले आहे, आणि ते बदलणार नाही. तुमच्यासमोर एका जुन्या पोलीस संगणकाचा पडदा असतो, त्यावर ट्यूबलाइटचे अंधुक प्रतिबिंब असते, आणि शोधपेटीत ‘मर्डर’ हा शब्द आधीच टाइप केलेला असतो. 1994 साली एका महिलेच्या सात पोलीस चौकश्या झाल्या. तिचा नवरा सायमन याचे काय झाले, हा विषय. त्या चौकश्या छोट्या छोट्या तुकड्यांत विखुरलेल्या आहेत, आणि तिच्या बोलण्यातला एखादा शब्द तुम्ही टाइप केला की तो शब्द असलेले तुकडे समोर येतात. पोलिसांचे प्रश्न ऐकू येत नाहीत, फक्त तिची उत्तरे मिळतात, त्यामुळे ‘हे ती कशाला उत्तर म्हणून बोलली असेल?’ हा विचार सतत डोक्यात चालू राहतो.

खरी करामत एका छोट्या नियमात आहे. कितीही तुकडे सापडले तरी संगणक फक्त पहिले पाचच दाखवतो, आणि ते तारखेच्या क्रमाने असतात. म्हणजे ‘सायमन’सारखा नेहमीचा शब्द टाकला तर सुरुवातीच्या चौकश्यांतलीच उत्तरे हाती लागतात. शेवटच्या चौकश्यांपर्यंत पोहोचायचे असेल तर तिथेच उच्चारला गेलेला एखादा विरळा शब्द माहीत असावा लागतो, आणि तो शब्द केवळ लक्ष देऊन ऐकल्यानेच मिळतो. पातळ्या, गुण, किल्ल्या असे काहीच नसताना ऐकून मिळवलेली माहिती हीच किल्ली होते. मी आणि माझी थोरली बहीण वही घेऊन बसलो होतो. मी कथेतल्या घटनांचे शब्द लिहीत होतो, तर ताई त्या बाईचे कपडे, केस आणि बसण्याची ढब तारखेनुसार टिपत होती. तासाभराने माझ्या यादीपेक्षा ताईच्या टिपणांतून जास्त निघाले. चेहरा आणि देहबोली वाचणे हेच जिथे खेळणे आहे, असा दुसरा गेम इतक्या साध्या साधनांत केलेला मी पाहिलेला नाही.

हे सर्व एकट्या व्हिवा सायफर्ट यांच्या अभिनयावर तोललेले आहे. मूळच्या त्या संगीतकार, आणि त्याआधी 1992 च्या ऑलिंपिकमध्ये ब्रिटनकडून लयबद्ध जिम्नॅस्टिक्समध्ये उतरलेल्या. संवाद तुटक क्रमाने पाहिला जाणार, हे गृहीत धरून केलेला त्यांचा अभिनय कुठल्याही क्रमाने पाहिला तरी खरा वाटतो. 2016 मध्ये या गेमला बाफ्टा या ब्रिटिश अकादमीची तीन पारितोषिके मिळाली.

उणिवा यालाही आहेत. नशिबाने एखादा नेमका शब्द लवकर सुचला तर कथेचा गाभा पहिल्या अर्ध्या तासातच उघडा पडतो आणि पुढचा शोध थंडावतो. हरणे किंवा जिंकणे असे यात काही नाही. शेवटी कथेचा एकच पक्का अर्थही हाती दिला जात नाही, आणि ज्यांना गुन्हेगाराचे नाव ठळकपणे जाहीर झालेले हवे असते त्यांना हे अपुरे वाटेल. शब्द इंग्रजीत, योग्य स्पेलिंगसह टाइप करावे लागतात, हेही ध्यानात ठेवावे. सगळी उत्तरे उपशीर्षकांसह येतात, त्यामुळे वाचून समजणाऱ्याला अडचण पडत नाही, पण इंग्रजी टाइप करण्याचा कंटाळा असेल तर इथे गती मिळणार नाही.

तेव्हा एकट्याने, वही घेऊन, दोन-तीन तासांच्या दोन बैठकी देण्याची तयारी असेल तर ‘हर स्टोरी’ घ्यावा. तो जुन्या लॅपटॉपवर आणि मोबाइलवरही चालतो. घरच्यांसोबत एक संध्याकाळ घालवायची असेल तर ‘लेट शिफ्ट’. ‘द बीस्ट विदिन’ हा ‘हर स्टोरी’ आवडल्यानंतर, सवड असताना घेण्याचा गेम आहे. तपासच हवा पण ‘हर स्टोरी’तला उलगडा फार मोकळा वाटत असेल, तर 2015 सालचाच ‘काँट्रडिक्शन’ पाहावा. त्यात गावातल्या माणसांच्या दोन विधानांतली विसंगती पकडून ती त्यांच्या तोंडावर मांडायची असते, आणि अभिनय जरा भडक असला तरी उत्तर बरोबर की चूक हे तिथल्या तिथे कळते. बार्लो यांचाच 2022 मधला ‘इम्मॉर्टॅलिटी’ याहून महत्त्वाकांक्षी आहे. त्यात शब्दांऐवजी चित्रातल्या एखाद्या वस्तूवर किंवा चेहऱ्यावर टिचकी मारून एका चित्रफितीतून दुसरीत जायचे असते. त्यात नग्नता आणि हिंसा आहे, त्यामुळे दिवाणखान्यातल्या टीव्हीवर तो लावण्यापूर्वी घरात लहान मुले जागी नाहीत याची खात्री करावी.