सीबी पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन किट: मॉरिस मायनरवर दीड वर्ष वापरून

गाडी १९६४ ची मॉरिस मायनर, १०९८ सीसी, बाबांनी सांभाळलेली आणि आता माझ्याकडे आलेली. शोपीस म्हणून ठेवलेली नाहीये, आठवड्यातनं तीन-चार दिवस चालतेच, त्यामुळे हा रिव्ह्यू वापरणाऱ्याचा आहे. डेल्कोमधले (डेल्को म्हणजे प्लगना पाळीपाळीने करंट वाटणारा डिस्ट्रिब्युटर) सीबी पॉइंट, म्हणजे कॉइलचा करंट तोडून ठिणगी पाडणारा छोटा स्विच, आणि त्याच्याबरोबरचा कंडेन्सर काढून तिथे बसणारं छोटं इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल आणि मॅग्नेटची रिंग, असं जे किट मिळतं ते मी दोनदा घेतलं, दोन वेगवेगळ्या कंपन्यांचं, पहिलं सात महिन्यांत गेलं आणि दुसरं अजून चालू आहे. नावं लिहीत नाही, कारण एका किटवरून अख्ख्या कंपनीला चांगलं-वाईट म्हणणं मला पटत नाही, पण कशामुळे काय झालं ते सगळं सांगतो.

आधी हे का करावंसं वाटलं ते. पॉइंटवर गाडी छान चालायची, पण टिकायची नाही. चार सिलिंडरचं इंजिन तीन हजार आरपीएमला फिरतं, मायनर टॉप गिअरमध्ये साधारण सत्तरच्या स्पीडला असते तेव्हाची गोष्ट, तेव्हा पॉइंट मिनिटाला सहा हजार वेळा उघडतात आणि मिटतात, म्हणजे सेकंदाला शंभर वेळा. प्रत्येक वेळी पॉइंटची टाच कॅमवर घासते. टाच झिजली की गॅप कमी होतो, गॅप कमी झाला की पॉइंट उशिरा उघडतात आणि टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, मागे पडतं, आणि हे इतकं हळूहळू होतं की आपल्याला कळतच नाही, फक्त चढावर पिकअप गेल्यासारखं वाटतं आणि आपण कार्ब्युरेटरला शिव्या घालत बसतो. शिवाय हल्लीचे कंडेन्सर. जुने कंडेन्सर वर्षानुवर्षं चालायचे, आता नवीन टाकलेला दोन महिन्यांत गरम होऊन मिसिंग सुरू, असं माझ्याबरोबर तीनदा झालं. तिसऱ्यांदा झालं तेव्हा किट घ्यायचं ठरवलं.

पण मेकॅनिक काकांनी मला थांबवलं आणि त्यांचे उपकारच मानले पाहिजेत. म्हणाले किट बसव पण आधी रोटर (शाफ्टच्या डोक्यावर फिरणारा, करंट वाटणारा तुकडा) हातात धरून डेल्कोचा शाफ्ट आडवा हलवून बघ. बघितलं तर चांगलाच हलत होता, बोटाला स्पष्ट टकटक लागत होती. म्हणजे शाफ्ट ज्यात फिरतो ते बुश गेलेले. शाफ्टच डोलत असेल तर पॉइंटचा गॅप प्रत्येक सिलिंडरला वेगळा पडणार, तुम्ही फिलर गेज लावून ०.०१५ इंच कितीही नेमका सेट करा, तो कॅमच्या एकाच लोबवर, म्हणजे उंचवट्यावर, खरा असतो. मग डेल्को बाहेर काढला, बुश बदलून घेतले. आणि तेव्हाच दिसली ती दुसरी गोष्ट, ही मला सगळ्यांना दाखवावीशी वाटते. लुकासच्या २५डी४ डेल्कोत आतल्या हलणाऱ्या प्लेटपासून बॉडीपर्यंत एक इवलीशी अर्थिंगची वायर असते, सुती वेणीचं कव्हर असलेली. व्हॅक्यूम अ‍ॅडव्हान्स, म्हणजे इंजिनच्या ओढीप्रमाणे टायमिंग बदलणारी डबी, प्लेटला मागेपुढे फिरवतो तशी ती वायर दरवेळी वाकते. माझी बाहेरून एकदम ठीक दिसत होती, पण चिमटीत धरून ओढली तर कव्हर रबरासारखं ताणलं गेलं, आतली तार तुटलेली, नुसत्या कापडावर लटकत होती. रेस दिल्यावरच मिसिंग येतं आणि आयडलिंगला येत नाही ह्या गोष्टीवर मी जवळजवळ वर्षभर डोकं फोडत होतो, ते ह्या दोन इंचाच्या वायरमुळे होतं.

नवीन बुश, नवीन अर्थिंग वायर आणि जुनेच पॉइंट नीट सेट करून गाडी सुरू केली आणि खरं सांगतो, निम्मा फरक तिथेच पडला. टायमिंग लाइट (ठिणगीबरोबर लुकलुकणारा दिवा) मारून बघितली तर आधी पुलीवरची खूण थरथरायची, आता बऱ्यापैकी स्थिर. किटचे जे रिव्ह्यू मी वाचले त्यात "गाडी नवी झाली" असं लिहिणाऱ्यांपैकी किती जणांनी त्याच वेळी प्लग, रोटर, कॅप, वायर सगळंच बदललं असेल असं आता वाटतं. त्यामुळे मी पंधरा दिवस मुद्दाम पॉइंटवरच चालवली, मगच किट बसवलं, म्हणजे कशाचा फरक कशामुळे ते कळावं.

किट बसवताना सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पोलॅरिटी. मायनर पॉझिटिव्ह अर्थ आहे, बॅटरीचं प्लस बॉडीला. खूप जण आधीच उलटवून घेतात, त्यात बॅटरीची कनेक्शन बदलून, कॉइलच्या वायरी बदलून, डायनमोच्या फील्ड टर्मिनलला क्षणभर करंट दाखवून त्याची पोलॅरिटी फिरवावी लागते, सेल्फला आणि वायपरच्या मोटरला काही फरक पडत नाही. मी तसं केलेलं नाही, गाडी जशी आली तशीच ठेवायची होती, म्हणून पॉझिटिव्ह अर्थवालं किट मागवलं. मागवताना हे नीट विचारून घ्या, कारण पाकीट तेच दिसतं, मॉड्यूल तेच दिसतं, आणि उलटं लागलं तर डोळ्याची पापणी लवायच्या आत जळतं.

मग कॉइल, बारा व्होल्टवरून ठिणगीचं मोठं व्होल्टेज बनवणारी. मीटर लावून ओहम मोजा, अंदाजावर जाऊ नका. माझी जुनी एलए१२ तीन ओहमच्या आसपास दाखवते, म्हणजे बारा व्होल्टला चार अँपिअर, हे मॉड्यूलला झेपतं. पण कोणी आधी बॅलास्टवाली (करंट आवरणाऱ्या वेगळ्या रेझिस्टरबरोबर वापरायची) दीड ओहमची कॉइल आणून बिनबॅलास्ट लावून ठेवली असेल तर करंट आठ अँपिअर, आणि मग दोष किटला लागतो. कॉइलच्या एसडब्ल्यू टर्मिनलला, म्हणजे चावीकडून वायर येते तिथे, व्होल्टेजही बघा, आणि ते पॉइंट मिटलेले असताना बघा, कारण पॉइंट उघडे असतील तर करंटच वाहत नाही आणि मीटर खोटं चांगलं दाखवतो. माझ्याकडे बॅटरीला १२.५ आणि कॉइलला ११.२ होतं, साठ वर्षं जुनी बुलेट कनेक्टर आणि चावीच्या स्विचच्या मागची टर्मिनल पॉलिश पेपरने घासली तर १२.१ झालं. थंडीत सेल्फ मारताना व्होल्टेज आणखी पडतं आणि मॉड्यूल तेवढ्यावर काम करत नाही, पॉइंट मात्र कमी व्होल्टेजलाही बिचारे काम करत राहतात, म्हणून हे आधी करायचं.

बाकी बसवणं सोपं आहे, पॉइंट आणि कंडेन्सर काढा, मॉड्यूल प्लेटवर स्क्रूने बसवा, मॅग्नेटची रिंग कॅमवर दाबून बसवा, वरून रोटर. रोटर पूर्ण खाली बसला का ते नक्की बघा. अर्धा तास. टायमिंग मात्र पुन्हा लावावंच लागतं, पॉइंटच्या वेळचं टायमिंग चालत नाही, आणि बल्ब लावून स्टॅटिक सेट करायची सवय असेल तर ती इथे उपयोगी पडत नाही, टायमिंग लाइट पाहिजे. मेन करंटच्या, म्हणजे कॉइल आणि डेल्कोपासून प्लगपर्यंतच्या वायरीही साध्या तांब्याच्या होत्या त्या काढून रेझिस्टन्सवाल्या घातल्या, कारण तांब्याच्या वायरीचा डिस्टर्बन्स मॉड्यूलला त्रास देतो.

फरक काय पडला? पॉवर वाढली नाही, ती अठ्ठेचाळीस हॉर्सपॉवरच आहे आणि कोणी वाढते म्हणत असेल तर आधीचे पॉइंट खराब असणार. कॉइल तीच आहे त्यामुळे ठिणगीही तीच, प्लगचा गॅप मी ०.०२५ वरच ठेवलाय. पण सकाळचं स्टार्टिंग एका सेल्फला, आयडलिंग एकसारखं आणि टायमिंगची खूण पुलीवर चिकटवल्यासारखी थांबलेली. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे सहा महिन्यांनी लाइट मारली तरी खूण तिथेच. टाच झिजायला टाचच नाहीये.

आणि मग सातव्या महिन्यात पहिलं किट गेलं. ब्रेक लाइट पेटत नव्हती म्हणून मागे वायरी तपासत बसलो होतो, मायनरमध्ये ब्रेक लाइटला चावी ऑन लागते, त्यामुळे चावी ऑन आणि इंजिन बंद. पेट्रोल पंप सुरुवातीला टकटक करून गप्प झाला म्हणून चावी चालू आहे हे डोक्यातूनच गेलं, वीसेक मिनिटं तरी गेली असतील. पुढे येऊन बॉनेटखाली हात घातला तर कॉइल भाजेल इतकी गरम. त्या वेळी गाडी सुरू झाली, मलाही हायसं वाटलं, पण दोन दिवसांनी रस्त्यात एकदम बंद. पॉइंट जातात तेव्हा आधी कुरकुर करतात, मॉड्यूल जातं तेव्हा काहीच न सांगता जातं, हा ह्या वस्तूचा मोठा तोटा आहे. पंपाची टकटक येत होती म्हणजे पेट्रोल होतं, कॉइलमधून येणारी मेन वायर इंजिनच्या ब्लॉकजवळ धरून सेल्फ मारला तर ठिणगीच नाही. इंजिन बंद असताना चावी ऑन ठेवली तर करंट कॉइल आणि मॉड्यूलमधून सतत वाहत राहतो, तसं करू नका ही सूचना किटच्या कागदावर शेवटच्या ओळीत बारीक अक्षरात होती, ती पाकिटावर मोठी पाहिजे, आणि विकणाऱ्याला कळवलं तर वॉरंटीत बसत नाही एवढंच उत्तर आलं, बदली किट सोडा, साधी चौकशीही नाही.

त्या दिवशी घरी आलो ते डिकीत ठेवलेल्या जुन्या पॉइंटमुळे. रस्त्याच्या कडेला पाऊण तास लागला, त्यातला निम्मा वेळ वॉशरमध्ये गेला. दोन तुकड्यांच्या पॉइंटमध्ये कंडेन्सरची वायर आणि कॉइलकडची वायर दोन्हींची टोकं स्प्रिंगला टेकली पाहिजेत पण मधल्या खुंटीला टेकता कामा नयेत, म्हणून मध्ये तो प्लास्टिकचा टोपीसारखा वॉशर असतो. तो चुकून खाली गेला की सगळा करंट सरळ अर्थ आणि ठिणगी शून्य. आता मी ते सगळं प्लेटसकट आधीच जोडून, गॅप अंदाजे लावून, एका डबीत ठेवलंय, बरोबर फिलर गेज आणि एक चांगला लाल रोटर. रोटर मुद्दाम, कारण हलक्या काळ्या रोटरमध्ये रिव्हेटखालचं प्लास्टिक पातळ असतं, तिथून करंट शाफ्टला उडतो आणि बाहेरून काहीच दिसत नाही.

दुसरं किट घेताना एकच गोष्ट विचारली, इंजिन बंद असताना मॉड्यूल स्वतः कॉइलचा करंट तोडतं का. हे तोडतं. तपासूनच घेतलं, चावी ऑन ठेवून कॉइलला हात लावून बसलो होतो, थंडच राहिली. तरीही चावी ऑन ठेवून काही काम करायचं असेल तर मी कॉइलची एसडब्ल्यूची वायर काढूनच करतो. अकरा महिने झाले, एकदाही डेल्कोची कॅप उघडावी लागली नाहीये, फक्त तेलाचे दोन थेंब द्यायला उघडली तेवढंच, कारण मॉड्यूल आलं तरी शाफ्टला आणि आतल्या अ‍ॅडव्हान्सच्या वजनांना तेल लागतंच, आणि हे किट बसवणारे हमखास विसरतात.

माझ्याकडून पाचपैकी चार, एक मार्क न सांगता बंद पडण्याचा कापला. बुश ढिले असतील तर आधी पैसे तिथे घाला. गाडी वर्षातून दोनदाच बाहेर निघत असेल तर पॉइंटच ठेवा, त्यांना झिजायला वेळच मिळत नाही.

आता गाडीत एकच जागा राहिलीय जिथे पॉइंट आहेत, एसयू कंपनीच्या इलेक्ट्रिक पेट्रोल पंपात. चावी दिल्यावर तो दहा-बारा टकटक करून थांबायचा, हल्ली वीस-बावीस होतात आणि मधेच एखादी अडखळते. त्यातही पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक बसवता येतं, पण आधी उघडून नुसते साफ करून बघणार आहे.